रडायचा सीन

माझा भाऊ देवेश लहानपणी फार सुंदर रडायचा. मी हे कौतुकानं सांगत नाही, पण खोटं कशाला बोलू, ते होतंच तसं. मालिकेतली त्याची आई दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या संकटात सापडायची, देवेशचे डोळे काठोकाठ भरायचे आणि घरोघरच्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. आमच्या गावातल्या बायका तर दुसऱ्या दिवशी आमच्या खऱ्या आईकडे येऊन, सुंदरावहिनी, पोरगा बरा हाय ना, असं विचारून जायच्या.

आमचं गाव खोपोलीजवळच्या कुंभिवलीवरून आत गेलं की लागतं. भातशेतीवाली माणसं आम्ही. कर्जतला कसलंसं शूटिंग चालू होतं, ते बघायला बाबा देवेशला खांद्यावर बसवून घेऊन गेले आणि परत आले ते पोराला काम मिळवूनच. बाबांचं नाव आबाजी. खोपोलीत कारखान्यात कायम नोकरी होती त्यांना. ती सोडून ते देवेशबरोबर सेटवर राहायला लागले. पोरगा मोठा झाला पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ते लोभी होते असं मी म्हणणार नाही. लोभी माणसाशी भांडणं सोपं असतं.

पण देवेशला मुळात रडताच येत नव्हतं. ग्लिसरीन घातलं की तो डोळे चोळत बसायचा आणि रडण्याऐवजी शिंकायचा. दिग्दर्शक वैतागला. त्यानं बाबांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मग बाबा देवेशसमोर जाऊन गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "देवा, गावावरनं फोन आला रं. आय गेली तुजी."

शॉट एका दमात झाला. मग बाबांनी त्याला आइस्क्रीम दिलं आणि आई ठणठणीत आहे, ते आपलं शॉटपुरतं होतं, असं सांगितलं. पुढे तीच रीत पडली. कधी आई गेली, कधी आजी गेली, कधी बैल. एकदा तर म्हणे मीसुद्धा विहिरीत पडून गेले होते. मी तेव्हा घरी निवांत भाकरी खात असणार. पुढे पुढे देवेशला हे सगळं कळायला लागलं, पण तोवर अंगवळणी पडलं होतं. बाबा समोर गुडघ्यांवर बसले की त्याचे डोळे आपसूक वाहायचे.

सिनेमावाल्यांची आणखी एक रीत आहे. मेल्याचा सीन झाला की त्या नटानं लगेच उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे अपशकुन टळतो. मालिकेतल्या आईला दुसरीकडे मोठं काम मिळालं म्हणून लेखकांनी तिला मारून टाकलं, तेव्हा तीही तिरडीवरून उठली, कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि तिनं देवेशचा गालगुच्चा घेतला. देवेशनं हे सगळं जवळून पाहिलं.

त्याच पावसाळ्यात भातलावणीच्या चिखलात उभं राहून आमच्या आईला ताप आला. आमच्याकडे दर वर्षी कुणाला तरी येतो तसलाच. पनवेलला नेईपर्यंत उशीर झाला आणि ती गेली.

बाबांनी देवेशला सेटवरच सांगितलं. तो लगेच रडला, मग डोळे पुसून त्यानं कॅमेरा कुठं लावलाय ते विचारलं. त्याला गावाला आणलं तेव्हा आईला ओटीवर निजवलं होतं, बायकांचा आकांत चालला होता. देवेश तिच्या उशाशी बसला, जरा वेळ थांबला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आई, सीन संपला. आता हस ना."

मी शेजारीच बसले होते, बारा-तेरा वर्षांची. माझ्या भावाचं काय करून ठेवलंय हे मला त्या क्षणी कळलं. बाबांचा तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

त्यानंतर देवेश रडला नाही. कधीच नाही. रडत नाही म्हटल्यावर मालिकेतल्या पोराला त्यांनी परदेशी शिकायला पाठवलं आणि खरा पोरगा गावच्या शाळेत परत आला. मिसरूड फुटल्यावर तर कुणी काम दिलं नाही. खोपोलीच्या बाजारात मात्र लोक ओळखायचे आणि, ए, जरा रडून दाखव रं, म्हणायचे. बारावी झाल्यावर तो मुंबईला निघून गेला, आणि जाताना बाबांशी बोलणं तोडून गेला. तिथं कुणाच्या हाताखाली सहायक म्हणून राब, कुणाच्या नावावर संवाद लिही, असं करत त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली. शेवटी एका निर्मात्यानं त्याला स्वतःचा सिनेमा दिला. लेखन त्याचं, दिग्दर्शनही त्याचंच.

त्यानं तो लिहून सगळ्यात आधी मला वाचायला दिला. मी खोपोलीच्या पतसंस्थेत नोकरी करते, मला सिनेमातलं काही कळत नाही, पण हे कळायला अक्कल लागत नव्हती. ती त्याचीच गोष्ट होती. मुलाच्या जागी मुलगी घातली होती, जणू तेवढ्यानं गावाला ओळखू येणार नव्हतं. शेवटी ती मुलगी आपल्या मेलेल्या आईला हस म्हणते, आई हसत नाही, मग तिला कळतं आणि ती रडते.

"तू तर रडला नव्हतास," मी म्हटलं.

"म्हणूनच लिहिलंय."

मग मी त्याला सरळ विचारलं, की त्या मुलीला तू रडवणार कसा. मला तेवढंच विचारायचं होतं. तो म्हणाला, "ताई, माझ्या सेटवर कुठल्याही पोराला खोटं सांगितलं जाणार नाही. सिनेमा डब्यात गेला तरी चालेल."

मला भरून आलं. मी पतसंस्थेत रजा टाकली आणि त्या मुलीला सांभाळायचं काम अंगावर घेतलं. आमच्या घरात जे झालं ते निदान आमच्या घरापाशी थांबेल, असं मला मनापासून वाटलं होतं.

मुलीचं नाव चिमा. चौक गावाजवळच्या एका वाडीतली, शाळेत जाऊन देवेशनं स्वतः निवडलेली. तिची आई जिजा रसायनीला एका कंपनीत पॅकिंगला जायची. बाप वर माथेरानला हॉटेलात कामाला, पंधरवड्यातून एखादा दिवस खाली यायचा. सकाळी गाडी चिमाला घेऊन यायची आणि संध्याकाळी सोडायची, मधल्या वेळात ती माझी. बडबडी, खुदुखुदु हसणारी पोर. कॅमेऱ्याला तर अजिबात बुजायची नाही.

शूटिंग आमच्याच घरात होतं. खरी ओटी, खरा उंबरा, सगळं देवेशला खरं पाहिजे होतं. बाबांनी घर आनंदानं दिलं. आपल्यावरच सिनेमा निघतोय आणि त्यात आपण कसे दिसणार आहोत, हे त्यांना माहीत होतं की नाही देव जाणे. कोपऱ्यात खुर्ची टाकून ते दिवसभर शूटिंग बघत बसायचे. देवेश त्यांच्याशी अवाक्षर बोलत नसे. हातभर अंतरावर बाबा बसलेले असायचे आणि हा मला सांगायचा, ताई, त्यांना जरा खुर्ची मागे घ्यायला सांग. बाबा माझी वाट न बघता खुर्ची मागे घ्यायचे आणि आशेनं त्याच्याकडे बघायचे. तो दुसरीकडेच बघत असायचा.

बाबांचं आणि चिमाचं मात्र छान जमलं. ते तिला पेरू कापून मीठ लावून द्यायचे, ती त्यांना आजोबा म्हणायची. घरी कोण कोण असतं, आई किती वाजता जाते, बाप कधी येतो, सगळं ते तिला विचारायचे. मला ते बघून बरं वाटायचं. म्हातारपणी तरी माणूस पोरांशी नीट बोलायला शिकला, असं मी मनात म्हणायचे.

सगळा सिनेमा झाला आणि रडायचा सीन तेवढा अडला. चिमाला रडू येईना. आईचं काम करणारी मुंबईची नटी ओटीवर डोळे मिटून पडायची, तिचं नाक हुळहुळायचं आणि ते बघून चिमाला हसू फुटायचं. ग्लिसरीन घालून पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा कोराच. देवेश एकदाही तिच्यावर चिडला नाही. एका दुपारी तर त्यानं तिला अंगणात नेऊन स्वतःचं सगळं सांगितलं, आईचं, बाबांचं, काही न लपवता. मी ऐकत होते. चिमानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमी का नाय रडलाव?"

 देवेश तसाच उठून आत गेला.

निर्मात्यानं साईनाथ नावाचा एक माणूस सेटवर ठेवला होता, लवकर आटपा म्हणायला. त्यानं एकदा सुचवलं, की पोरीला एक चिमटा काढा, काम होऊन जाईल. देवेशनं सगळ्यांसमोर त्याची अशी हजेरी घेतली, की तो गेटबाहेर जाऊन उभा राहिला. मला माझ्या भावाचा इतका अभिमान त्याआधी कधीच वाटला नव्हता. पण त्याच संध्याकाळी मुंबईहून निर्मात्याचा फोन आला. उद्या सीन मिळाला तर ठीक, नाहीतर रडणं काढून टाकायचं आणि सिनेमा 'हस ना' वरच संपवायचा. देवेश फोन ठेवून पायरीवर बसला.

"मग काय उरलं, ताई," तो म्हणाला. "हे तर घडलंच होतं. हे दाखवायला मी एवढी वर्षं घासली का?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाबा त्यांच्या खुर्चीत होते आणि ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सगळं लागलं. नटी निजली, गावातल्या बायका भोवती बसवल्या, चिमाला उशाशी ठेवलं. मला सांगितलं होतं तशी मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते. एवढ्यात बाबा खुर्चीतून उठले आणि सरळ लाइटमध्ये चालत गेले. स्वतःच्या घरात चाललेल्या म्हाताऱ्याला कोण अडवणार. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. जमिनीवर हात टेकून ते कसेबसे चिमासमोर गुडघ्यांवर बसले, तिला जवळ घेतलं आणि तिच्या कानात काही बोलले.

ते काय बोलले हे मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती.

चिमानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "माजी आय?" एवढंच ती म्हणाली. बाबांनी मान हलवली आणि ते रांगत बाजूला झाले. चिमाचं तोंड बदलायला लागलं. मी देवेशकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. ते तोंड जगात त्याच्याइतकं कुणाला ओळखता येणार होतं?

"देवेश, थांबव," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे न बघता हात वर केला, मला गप्प करायला. आणि कॅमेरामनला हलक्या आवाजात म्हणाला, "जवळ जा. अजून जवळ."

मी पुढे निघाले तर साईनाथनं माझा दंड धरला. चिमा त्या नटीच्या अंगावर पडून आये आये करत रडत होती. बसवलेल्या बायकाही खऱ्याखुऱ्या रडायला लागल्या. ते रडणं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. शेवटी देवेश ओके म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नटी रीतीप्रमाणे उठून बसली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. तिचा पदर मुठीत धरून चिमा तिथंच होती. ते हसू बघून ती जी किंचाळली, ते ऐकून टाळ्या थांबल्या. मी साईनाथला ढकलून दिलं आणि पोरीला उचललं.

बाबा अजून जमिनीवरच होते, त्यांना उठता येत नव्हतं. देवेश त्यांच्याजवळ गेला.

"बरं झालं ना रं, देवा?" बाबांनी विचारलं.

देवेशनं त्यांना हात दिला, काखेत धरून उभं केलं. "हो बाबा," तो म्हणाला. "खूप छान झालं."

तो घर सोडून गेल्यापासून बाबांशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द. एरवी मी साखर वाटली असती.

मी चिमाला घराबाहेर नेऊन सांगितलं, की तुझी आई बरी आहे, आजोबा खोटं बोलले. जिजाला फोन लावला तर तो बंद. कंपनीत आत जाताना फोन गेटवर ठेवून घेतात, सुट्टी होईपर्यंत मिळत नाही. मग मी स्कूटी काढली, चिमाला पुढ्यात उभी केली आणि रसायनीला निघाले. वाटेत ती रडत नव्हती. गेटवरच्या वॉचमननं जिजाला बोलवायला नकार दिला. सुट्टी झाल्यावर येईलच की ती, असं म्हणाला. आम्ही समोरच्या टपरीच्या बाकड्यावर बसलो. मी बिस्किटं घेतली, ती तिनं हातातच धरून ठेवली.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "आजोबा खोटं बोलले, का तुमी बोलताव?"

मी म्हटलं, थांब, आई येईल, तूच बघ. दुसरं काय सांगणार होते?

सुट्टी झाली, बायका घोळक्यानं बाहेर आल्या. त्यांत जिजा होती. चिमानं तिला पाहिलं आणि ती धावली नाही. जागेवरच उभी राहून बघत राहिली. जिजा लगबगीनं आली, काय झालं गं, म्हणून तिनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, तेव्हा चिमानं आईच्या हाताला हळूच बोट लावून पाहिलं. मग ती बिलगली.

मी जिजाला सगळं सांगितलं, देवेशच्या लहानपणापासूनचं. एक शब्द गाळला नाही. उद्या हिला पाठवू नकोस, माझ्या भावाला काय सांगायचं ते मी बघते, असंही सांगितलं. जिजा ऐकताना चिमाच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचे डोळे भरले होते. तिनं पोरीचे केस सारखे केले, रिबीन पुन्हा बांधली.

"ताई, तुमचा भाऊ मोठा झाला ना?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, तो स्वतःच्या आईसाठी आजतागायत रडलेला नाही."

"पन झाला ना मोठा," जिजा म्हणाली. आणि तिनं विचारलं, उद्या गाडी रोजच्याच टायमाला येणार का.

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग चिमाला कडेवर घेऊन, एवढ्या मोठ्या पोरीला कडेवर घेऊन, ती रिक्षाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी परत फिरले.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. युनिटची माणसं सामान आवरत होती. स्वयंपाकघरात बाबा आणि देवेश शेजारी शेजारी पाटावर जेवायला बसले होते, आईच्या वेळी बसायचे तसे. बाबांनी कुणाला तरी पिटाळून खोपोलीहून पापलेट मागवलं होतं. बाबा काहीतरी जुनं सांगत होते आणि देवेश हसत होता. मला बघून त्यानं चिमाची चौकशी केली. मी म्हटलं, आईजवळ आहे.

"बरं झालं. उद्या तिचा एक क्लोजअप घ्यायचाय. आज उजेड गेला."

"तू शब्द दिला होतास."

"मी कुठं खोटं बोललो, ताई?" तो म्हणाला, आणि त्यानं खाली मान घालून भात कालवला.

बाबा विचार करत घास चावत होते. त्यांचा चेहरा इतका सुखी मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"आता आय नाय चालायची," ते म्हणाले. "आयला तिनं बगितली. उद्या बापाचं सांगतो. तो वर माथेरानला हाय, कोन इचारायला जातंय. आन पोरं परत बी इस्वास ठेवतात. ह्यो ठेवायचा ना."

मी देवेशकडे पाहिलं. तो नाही म्हणेल म्हणून मी वाट बघत उभी राहिले. बाबाही घास हातात धरून त्याच्याकडेच बघत होते. देवेशनं आपल्या ताटातली पापलेटची मधली तुकडी उचलली आणि त्यांच्या ताटात वाढली.

"काटा बघून खा, बाबा," तो म्हणाला.